जाड तारेचा हिवाळा

यंदाची भरताची वांगी बाजारात आली. धुळ्यात, देवपुरातल्या हातगाड्यांवर ती आता ढिगाने दिसतात; मोठी, फिकट हिरवी, अंगावर पांढुरक्या रेषा आणि देठाशी बारीक काटे असलेली. संध्याकाळी कुणाच्या तरी अंगणात पऱ्हाट्या पेटतात, कापूस वेचून झालेल्या त्या वाळक्या काड्या तडतडतात, आणि करपलेल्या सालीचा गोडसर, धुरकट वास पांझरेच्या पुलापर्यंत येतो. खानदेशात हिवाळा असा नाकाने ओळखला जातो. इतरांना त्या वासाने भूक लागते. मलाही लागत असे. गेल्या हिवाळ्यापासून मात्र तो वास आला, की मी चालता चालता थांबते आणि कान देते. ऐकण्यासारखे काही नसते.

मी इथल्या एका महाविद्यालयात संस्कृत शिकवते. निवृत्ती आता फार लांब नाही. वर्गात बोलणे हा माझा व्यवसाय असला, तरी वर्गाबाहेर माझा आवाज मलाच परका वाटतो. चारचौघांत उठून काही करून दाखवावे, अशी इच्छा मला आयुष्यात कधी झाली नाही. स्नेहसंमेलनाच्या दिवशी मी नेहमी पडद्यामागे, चहाच्या व्यवस्थेत असे. अशा बाईने या वयात गिटार शिकायला घ्यावी, हे माझ्या सहकाऱ्यांना जितके हास्यास्पद वाटले, तितकेच मलाही वाटत होते. पण मी ती हौसेने शिकले नाही. आबांसाठी शिकले, आणि फार घाईने शिकले.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांचे सारे आयुष्य दोंडाईच्याला एका जिनिंगमध्ये गेले. सरकीपासून कापूस वेगळा करणाऱ्या त्या यंत्रांच्या ओळीत माणसे एकमेकांशी तोंडाने बोलत नसत, हातवाऱ्यांनी बोलत. लहानपणी डबा द्यायला गेले, की मला वाटे, इथे सगळे मुके आहेत. आता आबा जळगावला पिंप्राळ्यात, माझ्या धाकट्या भावाकडे, दिलीपकडे राहतात. त्यांचे कान एकदम गेले नाहीत. ते एखाद्या घरातली माणसे एकेक करून निघून जावीत तसे रिकामे होत गेले. आधी चिमण्या गेल्या, मग देवघरातली घंटा, मग कुकरची शिटी, मग बायकांचे आवाज. त्यात माझाही गेला. श्रवणयंत्र आणले होते. ते त्यांनी डबीत घालून कोनाड्यात ठेवले. दिलीप फारच मागे लागला, तेव्हा म्हणाले, “मशीन कानमा घाली का बठ्ठी जिनिंग चालू व्हई जास.” यंत्र घातले, की सगळी जिनिंगच कानात चालू होते म्हणे! त्यावर आम्ही सगळे हसलो. आबाही हसले, पण आम्ही हसताना दिसलो म्हणून.

कानाच्या डॉक्टरांनी दिलीपला आणि मला बाजूला बोलावून सांगितले होते, “बारीक आवाज गेले आहेत. जाड आवाज थोडे शिल्लक आहेत. तेही राहतील असं धरून चालू नका.”

जाड आवाज. हा शब्द मला तेव्हा नीट कळला नव्हता. तो कळला गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत, एका धुळीच्या फडक्याने. दिलीपच्या मुलाची गिटार बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असे. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि गिटार तिथेच राहिली. मी ती पुसत होते आणि फडके सर्वांत जाड तारेत अडकले. आबा माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसले होते, सूप मांडीवर घेऊन शेंगा फोडत होते. तार वाजली आणि त्यांनी मान वळवली.

“काय वाजनं व?”

कितीतरी महिन्यांत माझ्या हातून झालेल्या कुठल्याही आवाजाला त्यांनी मान वळवली नव्हती. मी तीच तार पुन्हा छेडली. ते हसले. बारीक तार छेडली, तर ते तसेच पाहत राहिले, पुढे काही होईल या अपेक्षेने. मग पुन्हा जाड, पुन्हा हसू. मी गिटार दाखवली. आबांनी सूप बाजूला ठेवले आणि, जणू कोणत्याही वाद्यात जगातल्या सगळ्या चाली भरून ठेवलेल्याच असतात, अशा सहजपणे म्हणाले, “तुनी मायनी ती कानबाईनी चाल वाजाड ना मंग.”

आईला जाऊन बरीच वर्षे झाली. श्रावणात आमच्याकडे खानदेशची देवी कानबाई बसते, तेव्हा बायका गाणी म्हणतात. आईचा आवाज बायकांच्या मानाने खालचा, भरड. त्यामुळे ती नेहमी मागच्या रांगेत बसे. पण त्या गाण्यांतली एक चाल ती वर्षभर शब्दांशिवाय गुणगुणे: डाळ निवडताना, अंथरुणे घालताना, आबा जिनिंगहून येण्याची वेळ झाली की दारात उभी राहून. तिचा आवाज खालचा होता म्हणूनच की काय, ती चाल गिटारच्या जाड तारांवर जशीच्या तशी बसेल, असे मला वाटले. मी मनाशी एवढेच ठरवले: आबांच्या कानांत जाड आवाज शिल्लक आहेत, तोवर ही चाल त्यांना ऐकवायची. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

देवपुरात एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर निकम सरांचा वर्ग चालतो. सर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. वर्गात शाळकरी मुले. पहिल्या दिवशी मी सतरंजीच्या कडेला बसले आणि जळगावहून आणलेली ती गिटार मांडीवर घेतली. ती आपोआप उलटी आली. मान उजवीकडे, पोट डावीकडे. शेजारची एक मुलगी खुदकन हसली. “मॅडम, तुम्ही आरशातून आलात का?”

सगळा वर्ग हसला. निकम सरांनी मुलांना दटावले आणि अत्यंत आदराने माझ्या मांडीवरची गिटार फिरवून सरळ केली. म्हणाले, “मॅडम, ही विद्या आहे. सुरुवात उजव्या हातानंच करू या. आणि तुम्हाला तर उलट फायदाच आहे, तारा दाबायची बोटं डाव्याच हाताची असतात.”

मला काही म्हणायचे होते. पण ज्या वाक्यात विद्या हा शब्द असतो, त्या वाक्याला विरोध करण्याची सवय मला नाही. शिवाय डाव्या हाताबद्दल लोकांसमोर बोलायचे म्हणजे जुनी लाज पुन्हा अंगावर घेणे. मी मान हलवली. त्या मान हलवण्यात माझा निम्मा हिवाळा गेला.

ती लाज कुणी रागाने शिकवली नव्हती. जेवायला बसले, की आबा आपला रुमाल काढत, त्याला चिकटलेला कापूस फुंकरीने उडवत आणि माझे डावे मनगट फ्रॉकच्या मागच्या पट्ट्याला हळुवार बांधत. गाठ इतकी सैल असे, की मला हवे तर हात सोडवता आला असता. मी कधी सोडवला नाही. “लोके काय म्हनतीन, माय,” ते म्हणत, आणि पहिला घास स्वतः भरवत. डाव्या हाताने हळदीकुंकू लावायचे नाही, प्रसाद घ्यायचा नाही, पाटीवर लिहायचे नाही, कुणाला काही द्यायचे नाही. उरलेली कामे त्याची. केर काढणे, कपडे पिळणे, विळीवर चिरणे, चिंचेच्या झाडावर दगड मारणे. मी उजव्या हाताने सुंदर अक्षर काढायला शिकले. त्या अक्षरासाठी मला बक्षिसेही मिळाली. पण पुढे कितीतरी वेळा, फळ्यावर लिहिताना, मला वाटत आले आहे, की हे दुसऱ्या कुणाचे तरी अक्षर मी वर्षानुवर्षे सांभाळते आहे.

तर मी उजव्या हाताने तारा छेडू लागले. धुळ्याची थंडी हाडांत शिरणारी असते. सकाळी खिडकीशी बसावे, तर पोलादी तारा बर्फासारख्या लागत; डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना आधी वळ, मग फोड, मग घट्टे आले. ते दुखणे मला चालत होते. न चालणारी गोष्ट वेगळीच होती. उजवा हात सांगितलेले सारे करत होता. वर म्हटले की वर, खाली म्हटले की खाली. पण तो आज्ञाधारक होता एवढेच. त्याला स्वतःचे काही म्हणायचे नव्हते. स्वर बरोबर येत आणि चाल येत नसे. जणू आईने म्हटलेले प्रत्येक अक्षर मी शुद्धलेखन तपासून लिहून काढले होते, आणि त्यात आई नव्हती. आठ-नऊ वर्षांची मुले माझ्यानंतर येऊन माझ्यापुढे निघून गेली. निकम सर म्हणत, “होईल, मॅडम. वेळ लागतो.” वेळ हीच एक गोष्ट माझ्याजवळ नव्हती, पण ते त्यांना सांगण्याइतका धीर मला झाला नाही.

रविवारी मी बसने जळगावला जाई. दारातून आत पाऊल टाकले, की आबा विचारत, “व्हयनी का चाल?”

“नही आबा, आजून नही,” मी ओरडून सांगे. गल्लीला ऐकू जाई. आबा माझ्या ओठांकडे पाहून समजून घेत.

“व्हई जाई,” ते म्हणत.

संक्रांत झाली. त्यानंतरच्या रविवारी दिलीपने अंगणात पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली. शोभाने, माझ्या भावजयीने, साली सोलून गर लाकडी कुंड्यात टाकला आणि माझ्या हातात मुसळी दिली. “अक्का, ठेचा तुम्ही, मी मिरच्या बघते.” मी ठेचू लागले. आधी हिरव्या मिरच्या, लसूण, मग गर. आमच्याकडे भरीत हाताने कुस्करत नाहीत, लाकडाने ठेचतात, आणि त्या ठेचण्याचा एक ओला, खोल आवाज असतो. काही वेळाने शोभा काम थांबवून माझ्याकडे पाहू लागली. दिलीप हसला. “अक्का, आज भरताला ताल आहे बरं का!”

मी खाली पाहिले. मुसळी डाव्या हातात होती, आणि हात आईची चाल ठेचत होता. उचलणे, थबकणे, पडणे. ज्या जागी आई श्वास घेई तिथे बरोबर थबकणे. उजव्या हाताला इतक्या आठवड्यांत जे जमले नव्हते, ते या केर काढणाऱ्या हाताला केव्हापासून येतच होते. कुणी विचारले नव्हते. मीही नाही. आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. पण त्याच्यामागोमाग जे आले ते फार गार होते. एवढे दिवस वाया गेले होते, आणि ते दिवस माझे नव्हते, आबांचे होते.

दुसऱ्याच दिवशी मी निकम सरांना, चाचरत, पण ठामपणे सांगितले. ते बिचारे खजील झाले. त्यांनी त्याच गिटारच्या तारा काढून उलट क्रमाने लावून दिल्या. तेवढ्याने भागेल असे त्यांनाही वाटले, मलाही. भागले नाही. गिटारच्या मानेच्या टोकाला तारा अडकवायची एक पट्टी असते. तिच्यात प्रत्येक तारेसाठी तिच्या जाडीची खाच कोरलेली असते. जाड तार बारीक तारेच्या खाचेत बसेना. ती वर तरंगे, जरा जोर लावला की उडून बाहेर पडे. बारीक तारा मोठ्या खाचांत लोळत आणि झणझणत. बाकी कुठलीही तार बिघडली असती तर मला चालले असते. पण आबांना ऐकू येणारी ती एक तार होती, आणि तिलाच बसायला जागा नव्हती.

जळगावच्या वाद्यांच्या दुकानात मी आणि दिलीप गेलो. गल्ल्यावरचे मारवाडी शेठ चष्म्यावरून पाहत म्हणाले, “लेफ्टवाली? मॅडम, इकडे लेफ्टी माणूस फक्त क्रिकेटमध्ये चालतो. मागवावी लागेल. टाइम लागेल.”

“किती?” दिलीपने विचारले.

“आता आमच्याकडे पण पहिल्यांदाच मागवतोय. येईल तेव्हा येईल. पोरासाठी पाहिजे का?”

दिलीपने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरच्या तबल्यांकडे पाहत म्हटले, “हो.”

गिटारची वाट पाहण्याचे दिवस सुरू झाले. त्याच दिवसांत आबांना ताप आला. तो उतरला, पण उतरताना बरेच काही घेऊन गेला. घरासमोरून ट्रॅक्टर गेला आणि आबांनी मान वर केली नाही, असे शोभाने मला फोनवर सांगितले. आधी तिने वांग्यांचा भाव सांगितला, शेजारच्या लग्नाचे सांगितले, आणि मग, ठेवता ठेवता, हे सांगितले. मी “बरं” म्हटले. मग खिडकीशी जाऊन बसले. पांझरेच्या पुलावरून ट्रक जात होते. एवढा मोठा आवाज जगात पडून आहे, आणि एका म्हाताऱ्या माणसापर्यंत त्यातला कणही पोचत नाही, हे मला काही केल्या पटेना.

डावखुरी गिटार आली तेव्हा थंडी सरत आली होती. ती मांडीवर घेतली आणि ती तशीच राहिली. कुणी फिरवली नाही. वर्गात मी सरांच्या अगदी समोर बसू लागले. त्यांचा डावा हात माझ्या उजव्याच्या समोर, त्यांचा उजवा माझ्या डाव्याच्या समोर. आरशात पाहून वेणी घालावी तसे मी त्यांना पाहून बोटे ठेवी. हसणाऱ्या मुलीला मी एकदा म्हटले, “बघ, खरंच आरशातून आले होते.” ती ओशाळली, मग खळखळून हसली. ते दिवस फार थोडे होते. डाव्या हाताच्या बोटांवरचे घट्टे अजून गेले नव्हते आणि उजव्या हाताच्या बोटांवर नवे येत होते. दोन्ही हात दुखत आणि मला बरे वाटे. चाल आली. आईच्या श्वासासकट आली. मी ती एकटीच बसून वाजवत असे आणि मनात बसचे वेळापत्रक पाहत असे.

आता हे लिहिताना मला त्या बाईची कीव येते, जी गिटार चादरीत गुंडाळून, दोन्ही हातांनी कवटाळून जळगावच्या बसमध्ये बसली होती. तिला सगळे माहीत होते. ट्रॅक्टरचे माहीत होते, डॉक्टरांचे माहीत होते. तरी ती खिडकीबाहेर पाहत होती, आणि कापूस निघून गेलेली मोकळी शेते तिला सुंदर दिसत होती. हे दिसणे मी तिला माफ करू शकत नाही.

फाल्गुनातला रविवार होता. बाजारात शेवटची वांगी होती, बिया धरलेली, कडवट. दुपारी अंगणात लिंबाच्या सावलीत आबांची खुर्ची होती. पुढ्यात सूप, सुपात शेंगा. मी समोर स्टुलावर बसले आणि गिटार घेतली. आबांनी ती पाहिली, मग तारांवर ठेवलेला माझा हात पाहिला, आणि त्यांच्या डोळ्यांत जुने हसू आले.

“आठे बी डावाच का व? रुमाल लयू का?”

रुमाल आणायच्या गोष्टीवर दिलीप मोठ्याने हसला, शोभा तोंडाला पदर लावून हसली, मीही हसले. बसच्या धक्क्यांनी तारा सैल झाल्या होत्या. त्या लावून घ्याव्या म्हणून मी खुंटी पिळू लागले आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने जाड तार छेडून पाहू लागले. एकच तार. टंग. खुंटी थोडी पिळायची. टंग. पुन्हा थोडी. तार अजून बेसूर होती.

आबांनी डोळे मिटले. त्यांची मान हळूहळू डोलू लागली.

“हाईच,” ते म्हणाले. “हाईच व. तुनी मायनी चाल शे हाई.”

दिलीपचे हसू थांबले. शोभाने माझ्याकडे पाहिले आणि मग घरात निघून गेली. मी सुरुवातही केली नव्हती.

त्यांना काय ऐकू आले, हे मला त्या क्षणी कळले नाही आणि आजही ठाऊक नाही. माझे हात हलताना पाहून त्यांनी माझे मन राखले असेल. किंवा माझी काहीच गरज न पडता आई त्यांच्या कानात उभी राहिली असेल. दोन्हींपैकी काहीही असले, तरी तारेला तिथे काम नव्हते. मी तार लावून घेतली. आणि चाल वाजवायला सुरुवात केली, खरी चाल, जाड तारांवर, थबकण्याच्या जागांसकट. मी चुकले नाही. एवढे चांगले मी आधी कधी वाजवले नव्हते. आबांची मान डोलत होती. पण ती माझ्या तालावर डोलत नव्हती. मी थांबे तिथे ती पुढे जाई, मी पुढे जाई तिथे ती थांबे. मी माझी लय सोडली. त्यांच्या मानेकडे पाहत, तिच्या मागे मागे धावत वाजवू लागले. स्वर चुकले, बोटे घसरली, तरी त्यांची लय सापडेना.

आबांनी डोळे उघडले. सुपातले निवडलेले, टपोरे शेंगदाणे ओंजळीत घेऊन त्यांनी माझ्यापुढे धरले. “खा व माय. हात दुखी ऱ्हायना व्हई तुना.”

मी वाजवणे थांबवले आणि दाणे घेतले. आबा पुन्हा खुर्चीत मागे टेकले. त्यांची मान डोलतच होती.